खांबावरचा नवरदेव

लालबाग, मुंबई
१९ फेब्रुवारी १९५६

चि. सौ. कां. सुभद्रा हिस,

पत्र पुढे वाचायच्या आधी एक कर. तुझ्या बाबांच्या हाताला लागणार नाही अशा कोपऱ्यात जा आणि खाली बस. उभ्याने वाचू नकोस.

काल आमच्या घोडपदेवच्या तालमीने माझा सत्कार ठेवला होता. मल्लखांबात सलग सात वर्षं मुंबईचा अजिंक्य, म्हणून शाल, नारळ आणि गळ्यात हार इतके, की मला समोरची माणसं दिसेनात. ठरलं काय होतं ते तुला ठाऊकच आहे. आपला साखरपुडा झालाय, वैशाखात लग्न, आणि आमच्या तालमीचा नियम असा की स्पर्धेत उतरणारा गडी बिनलग्नाचा पाहिजे. बोहल्यावर चढायचं तर आधी खांबावरून उतरायचं. म्हणून काल मी निवृत्ती जाहीर करणार होतो. भाषण पाठ होतं. शांतावहिनीने भाकऱ्या थापता थापता माझ्याकडून ते घोकून घेतलं होतं. 'आता नव्या पोरांनी पुढे यावं' इथपर्यंत गाडी सुरळीत आली.

पण पहिल्याच ओळीत दगडूची आई बसली होती. दगडू म्हणजे आमच्या समोरच्या चाळीतला, गेल्या महिन्याच्या गोळीबारात गेला तो. तिने माझ्याकडे बघितलं आणि माझं भाषण कुठच्या कुठे पळालं. तोंडातून निघालं ते असं: "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र होईपर्यंत हा जयवंत तावडे खांबावरून खाली उतरणार नाही."

मग जो गजर झाला, तो तुमच्या गिरगावातही ऐकू आला असेल. लोकांनी मला खांद्यावर घेतलं. आमच्या वस्ताद बाबुरावांनी चक्क उपरण्याने डोळे पुसले. दगडूच्या आईने माझ्या तोंडावरून हात फिरवला. आणि मी त्या खांद्यांवर बसल्या बसल्या विचार केला, उतरणार नाही म्हणजे स्पर्धा चालू, स्पर्धा चालू म्हणजे लग्न नाही. खाली सोडा म्हणून ओरडलो, पण त्या गजरात कुणाला ऐकू जातंय?

पण घाबरू नकोस. आमच्या गिरणीत साच्यांवर काम करणारे सगळे म्हणतात, तीन महिन्यांत दिल्ली वाकणार. वैशाख नाही तर ज्येष्ठ. मी येऊन बाबांच्या पाया पडणारच आहे, फक्त आधी तू त्यांच्या कानावर घाल. तुझं ते ऐकतात.

अजून तरी तुझाच,
जयवंत

——

मुगभाट, गिरगाव
२३ फेब्रुवारी १९५६

अहो खांबवाले,

उभ्यानेच वाचलं. मग बसले.

बाबांच्या कानावर घालायची वेळच आली नाही. तुमचे होणारे सासरे छापखान्यात खिळे जुळवतात हे तुम्ही साफ विसरलात. तुमची प्रतिज्ञा त्यांनी पेपरासाठी स्वतःच्या हाताने जुळवली, अक्षर न् अक्षर, तुमच्या नावासकट. घरी आले ते ओलं पान हातात घेऊनच. आईला म्हणाले, सुंदरा, जावयाने आपल्या पोरीचं लग्न दिल्लीच्या दावणीला बांधलं. आईने लग्नाचे पापड नुकतेच वाळत घातले होते. ती गच्चीवर गेली आणि एकेक पापड उलटा करत सगळ्या आळीला ऐकू जाईल असं बडबडत बसली.

मी रागावले नाही असं समजू नका. बायकांना सवत मिळते, ती निदान बोलते तरी. माझ्या नशिबी सागवानी खांब. परवा दिवसभर मी शिवणाच्या क्लासात बायकांना उलट्या बाह्या लावायला शिकवल्या, इतकं माझं डोकं ठिकाणावर नव्हतं.

पण दगडूच्या आईचं वाचलं आणि काय सांगू, 'शब्द मोडा' म्हणायला जीभ वळेना. तुम्ही तिच्यासमोर शब्द मोडलात तर तुमच्याशी लग्न करायला मलाच लाज वाटेल. तेव्हा असं करूया. तुम्ही खांबावर राहा. महाराष्ट्र मी आणते. माझ्या क्लासात सोळा मशिनं आहेत आणि बायकांच्या जिभा त्याहून वेगात चालतात. कालपासून झंपर बंद, झेंडे सुरू. मोर्चा निघाला की आम्ही पुढे. वैशाखाला अजून अवकाश आहे.

बाबांच्या पाया पडायला इतक्यात येऊ नका. त्यांच्या पायात सध्या जोर आहे.

सुभद्रा

——

लालबाग
१६ नोव्हेंबर १९५६

प्रिय सुभद्रा,

काल आमच्या चाळीत तुळशीचं लग्न लागलं. मंगलाष्टकं चालू असताना सगळी चाळ माझ्याकडे बघत होती आणि मी तुळशीकडे. तिचं दर वर्षी होतं आणि आपलं एकदाही होईना.

तू आणि तुझ्या बायका उन्हातान्हात ओरडून घसे बसवून घेताय, आणि दिल्लीने आपल्या हातात ठेवलं काय, तर द्विभाषिक. गुजरात, कच्छ, विदर्भ, मराठवाडा सगळं एका गाठोड्यात. मी वस्तादांना हळूच म्हटलं, मराठी मुलूख तर एकत्र आला, मुंबईही आत आहे, मग प्रतिज्ञा पुरी झाली असं धरायचं का? वस्तादांनी एरंडेलाची बाटली पुढे सरकवली. मी गुपचूप एरंडेल उचललं आणि खांबाला चोळायला लागलो.

स्पर्धा मात्र झोकात झाली. राज्य एकच झालं म्हणून यंदा बडोद्याचाही एक गडी आला होता, फार गुणी. पाठीची कमान अशी की मीच बघत राहिलो. थोडक्यात हरला. मग आम्ही दोघं चहा प्यायलो. तो म्हणाला, तावडेभाई, तुमचा महाराष्ट्र लवकर घ्या बाबा, आम्हाला आमचा गुजरात द्या, म्हणजे मी पण एकदा पहिला येईन. मी त्याला आपल्या लग्नाचं सांगितलं तर त्याने मला मिठीच मारली आणि पिशवीतला सगळा फाफडा माझ्या हातात दिला.

माझं वय बत्तीस. खांबावर बत्तीस म्हणजे घरात साठ. सकाळी उठताना गुडघे बोलतात. पण वर गेलो की गप्प बसतात.

तू रागावलीस का? तीन महिने पत्र नाही.

जयवंत

——

मुगभाट
२० मार्च १९५७

अहो अजिंक्य,

जिंकलो. आमच्या वॉर्डातून संयुक्त महाराष्ट्र समितीचा माणूस निवडून आला आणि आळीत गुलाल असा उधळला की आईचे यंदाचे पापडही गुलाबी झाले. पत्र नव्हतं ते रागाने नव्हे. आधी मोर्चे, मग निवडणूक, इतके महिने मी घरी टिकलेच नाही.

आम्ही दारोदार फिरत होतो. पुढारी मोठमोठं बोलायचे, ते बायकांना काही कळायचं नाही. मग मी सरळ सांगायला लागले, आजी, मत द्या, माझं लग्न अडलंय. सगळी गोष्ट सांगायचे, सत्कार, प्रतिज्ञा, खांब. म्हाताऱ्या पदर तोंडाला लावून हसायच्या आणि हमखास मत द्यायला यायच्या. एकीने तर मला कुंकू लावून माझी ओटीच भरली. आता अख्ख्या मुगभाटाला तुमचं नाव पाठ आहे आणि मी बाजारात गेले की भाजीवाली विचारते, उतरले का तुमचे?

आता दुसरं. हे बाबांना ठाऊक नाही, तेव्हा तुमच्यापाशीच ठेवा. इतकी वर्षं तुम्ही जिला चिकटून बसलाय ती गोष्ट आहे तरी काय, हे मला एकदा बघायचं होतं. आमच्या गल्लीच्या टोकाला जाईबाईंची बायकांची व्यायामशाळा आहे. बायका खांबावर चढत नाहीत, दोरावर चढतात. आढ्याला टांगलेला सुती दोर, तो पायाच्या अंगठ्यात धरायचा आणि वर जायचं. जाईबाई साठीच्या, ताठ, आवाज पोलिसासारखा. म्हणाल्या, कासोटा घट्ट घाल आणि रडायचं असेल तर बाहेर जाऊन रड.

मी हातभर वर गेले आणि धप्पकन खाली आले. अंगठे सोलून निघालेत. बाबांना सांगितलं, प्रचारात चप्पल चावली.

सुभद्रा

——

लालबाग
२ एप्रिल १९५७

सुभद्राबाई,

तुझं पत्र वाचून आधी हसलो, मग घाबरलो. अंगठ्यांना खोबरेल लाव आणि दोन दिवस चुलीपाशी बसून राहा. हा खेळ चार दिवसांची हौस म्हणून करायचा नसतो. हात सुटला तर दोर काही तुला धरायला येत नाही. तुला कळावं म्हणून सांगतो, वर काहीसुद्धा नसतं. खालचा आवाज बंद होतो, एवढंच. साच्याचा, चाळीचा, भोंग्याचा सगळा आवाज जातो आणि आपला आपल्याला श्वास ऐकू येतो. त्यासाठी तू कशाला अंगठे सोलून घेतेस? महाराष्ट्र झाला की मी उतरेन आणि बसून तुला सगळं सांगेन.

जाईबाई आमच्या वस्तादांच्या हाताखाली शिकलेल्या, हे तुला माहीत आहे का? आमच्या तालमीत त्यांचं नाव निघालं की वस्ताद विषय बदलतात. त्यांचं काहीतरी बिनसलं असावं.

नको करूस. मी आहे ना वर, दोघांच्या वाटचा.

जयवंत

——

मुगभाट
५ डिसेंबर १९५७

अहो,

मी सोडलं नाही. रागवायचं असेल तर हे पत्र फाडा आणि मग रागवा.

प्रतापगडाला जाऊन आले. पंतप्रधान पुतळ्याचं अनावरण करायला येणार, म्हणून वाटेवर दुतर्फा काळे झेंडे घेऊन उभं राहायचं होतं. ट्रकमध्ये आम्ही बायका शेंगदाणे खात, घोषणा देत, थंडीने कुडकुडत गेलो. आदल्या दिवशी जाईबाईंनी दोरावर इतकं पिदडलं होतं की माझे हातच वर होईनात. सगळ्यांचे झेंडे आभाळात आणि माझा कमरेला. शेजारची म्हणाली, काय गं, तुझा निषेध निम्माच का?

पण एक सांगते. तुम्ही म्हणालात वर काही नसतं. खोटं आहे ते. पंधरा दिवसांपूर्वी मी पहिल्यांदा टोकापर्यंत गेले. दोर मांडीला वेढला, हात सोडले आणि उलटी झाले. खिडकीबाहेर सगळी गिरगावची कौलं खाली आणि माझे पाय वर. मला इतकं हसू आलं की जाईबाई खालून ओरडल्या, हसतेस काय, श्वास धर. मी घरी येईपर्यंत हसतच होते. आईला वाटलं, पोरगी लग्नाच्या काळजीने गेली कामातून.

तेव्हापासून मी तुमच्यावर पूर्वीसारखी चिडत नाही. हे एवढं मिळत असेल तर कोण उतरेल?

यंदाही पहिले आलात ते पेपरात वाचलं. माझ्याही आधी बाबांनी वाचलं.

सुभद्रा

——

लालबाग
२३ नोव्हेंबर १९५८

प्रिय सुभद्रा,

अक्षर बघून हसू नकोस. निब वाकली आहे आणि शाईही पातळ झालीय.

स्पर्धा झाली. यंदा दादरच्या रघू म्हणून एका पोराला पहिला नंबर मिळाला. चांगला आहे पोरगा. म्हटलं घे बाबा, इतकी वर्षं मीच घेतोय. मी ठणठणीत आहे. गिरणीत चार दिवस रजा टाकलीय, उगाच, आराम म्हणून.

प्रतिज्ञेत 'उतरणार नाही' असं होतं, 'हरणार नाही' असं कुठे होतं? तेव्हा सगळं ठीक आहे.

इतक्यात इकडे येऊ नकोस, वहिनीने घर सारवायला काढलंय.

जयवंत

——

मुगभाट
२६ नोव्हेंबर १९५८

निब वाकली की मनगट?

लपवाछपवी माझ्याशी करता आणि तीही इतकी वाईट? लहान मूल डाव्या हाताने लिहितं तसं अक्षर आहे. आणि दुसऱ्या मजल्यावरचं घर कुणी सारवतं का?

मला आधीच कळलं होतं. कुणाकडून, ते ऐकून बसाल तिथेच. बाबांकडून. दर वर्षी तुमच्या स्पर्धेच्या दिवशी छापखान्यात जादा काम असतं, असं ते सांगून जायचे. त्या दिवशी घरी आले, टोपी खुंटीला न लावता पाटावर बसले आणि एकदम हुंदकाच फुटला त्यांना. म्हणाले, "सुंदरा, आपला जावई पडला गं." आई हातात पळी घेऊन तशीच उभी. मग सगळं बाहेर आलं. प्रतिज्ञेच्या वर्षापासून एकही स्पर्धा त्यांनी चुकवलेली नाही. मागे उभे राहतात, कुणी ओळखू नये म्हणून मफलर गुंडाळून. माहीमचं एक कारकुनाचं स्थळ त्यांनी आम्हाला न विचारता परत पाठवलं. का, तर आमच्या घरात अजिंक्य जावई आहे. आता मला वाटतं, तुम्ही उतरावं असं या घरात आईखेरीज कुणालाच वाटत नाही.

पण मी हसत नाहीये. ते रडत होते तेव्हा माझ्या मनात आलं, खड्ड्यात गेला तो महाराष्ट्र, या माणसाचा हात बरा होऊ दे. लगेच जीभ चावली. पण आलं ते आलं, आणि ते मी तुम्हाला सांगतेय. तुम्ही मात्र हात मोडला तरी मला निबेची गोष्ट सांगता. मी दोरावरून पडले तर तुम्हाला नाही का सांगणार? पुन्हा असं केलंत तर साखरपुड्याची अंगठी वस्तादांच्या हातात नेऊन देईन.

रविवारी मी, आई आणि बाबा येतोय. बाबा मफलर न घालता येणार आहेत.

सुभद्रा

——

लालबाग
१० डिसेंबर १९५९

अगं सुभद्रा,

झालं. दिल्ली वाकली. पेपर आला तेव्हा मी दाढी करत होतो. अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून मी जिना उतरलो आणि अण्णाने, म्हणजे माझ्या सख्ख्या भावाने, मला रस्त्यात उचलून गरगर फिरवलं. द्विभाषिक मोडायचं त्यांनी ठरवलं. मुंबई आपल्याला. वसंतात कधीतरी महाराष्ट्र होणार म्हणतात.

आणि गेल्या महिन्यात मी रघूला हरवून पुन्हा पहिला आलो, ते काय उगाच नव्हे. अजिंक्य म्हणूनच खाली उतरणार. मनगट थंडीत ठणकतं, केस कानांपाशी पिकलेत, छत्तिसाव्या वर्षी नवरदेव होतोय, पण कोण विचारतं? मी साच्यावर दिवसभर खुळ्यासारखा हसत असतो. मुकादम म्हणतो, तावड्या, धागा तुटलाय तिकडे बघ.

वैशाखातली तारीख काढायला बाबांना सांग. मी त्या दिवसापासून काही म्हणजे काही करणार नाही. तू म्हणशील तिथे बसेन.

जवळजवळ तुझा नवरा,
जयवंत

——

मुगभाट
१८ एप्रिल १९६०

अहो,

तुम्ही मला सांगितलं होतंत तसं मी आता तुम्हाला सांगते. बसून वाचा.

बाबांनी ८ मे धरलीय. बाबांच्या छापखान्यात पत्रिकासुद्धा जुळवून तयार आहे, फक्त छापायची बाकी. आणि छापू नका म्हणून मीच त्यांना सांगितलंय.

१५ मेला दादरला नव्या राज्याची बायकांची पहिली दोर मल्लखांबाची स्पर्धा आहे. जाईबाईंनी माझं नाव घातलंय. अठ्ठावीस वर्षांची घोडी मी, बाकीच्या पोरी सोळा-सतराच्या, तरी पहिलं नाव माझं. आणि जाईबाईंचा नियम तुमच्या वस्तादांचाच आहे, त्यांनी तो तिथूनच आणला. लग्न झालं की नाव कापायचं. मला वाटलं होतं, आठवडाभर लग्न पुढे ढकलू, आहे काय त्यात. पण परवा दोरावरून खाली बघताना कळलं की मला एका स्पर्धेसाठी थांबायचं नाहीये. मला पुढच्या वर्षीही वर जायचंय. त्याच्या पुढच्याही.

तुम्ही खाली यायला निघालात आणि मी वर अडकले. चार वर्षं तुमच्या नावाने भाजीवालीची बोलणी खाल्ली, आता मीच तुम्हाला थांबा म्हणू कुठल्या तोंडाने? आणि उतरते म्हणाले तर जन्मभर तुमच्या खांबाकडे बघून जळत राहीन. मला दोन्ही हवंय हो. मी फार लोभी झालेय. दोन रात्री रडले आणि मधूनच हसूही येतं, कारण हे सगळं तुम्ही माझ्याशी केलंत तेव्हा मला किती सोपं वाटलं होतं. 'खाली उतरा' एवढंच तर म्हणायचं होतं.

काय करू ते सांगू नका. मला नुसतं कुणालातरी सांगायचं होतं.

सुभद्रा

——

लालबाग
२ मे १९६०

प्रिय सुभद्रा,

उशिरा लिहितोय, कारण तुझं पत्र वाचून चार दिवस मी इतका चिडलो होतो की वहिनीने मला माचिससुद्धा दिली नाही. म्हटलं, मी महाराष्ट्रासाठी वर थांबलो, ही कशासाठी थांबतेय? मग आठवलं, हरलो होतो त्या वर्षी मनगट तुटलेलं असतानाही मी पहिला विचार काय केला होता. पुन्हा वर कधी जाता येईल, हाच. महाराष्ट्राचा नव्हे. मग चिडायला तोंड उरलं नाही.

काल सकाळी तालमीत सगळी चाळ लोटली होती. महाराष्ट्र राज्य झालं. मी खांबावर गेलो, जेवढं येतं तेवढं सगळं केलं आणि दगडूच्या आईच्या हाताला धरून खाली उतरलो. ती म्हणाली, लेका, आता घर कर. आरडाओरडा, पेढे, गुलाल. मी मात्र सगळे पांगेपर्यंत थांबलो आणि वस्तादांच्या समोर जाऊन बसलो.  

तुझं सगळं सांगितलं. मग विचारलं, वस्ताद, सुभद्राने लग्न केलं आणि तरी दोरावर गेली, तर काय होईल? नियम मोडला तर होतं काय?

वस्ताद उठले आणि उपरण्याने खांब पुसायला लागले. मला वाटलं आता मुस्काटात बसणार. मग त्यांच्या मालवणीत म्हणाले, "झिला, नियम माझ्या वस्तादाचो. तेनी माका सांगल्यानी, मी तुका सांगलंय. मोडलो तर काय होता, ता इचारूचा माका कधी सुचूकच नाय."

मग ते आपणहून बोलायला लागले. रे रोडला लाकडाची वखार होती, त्या वखारवाल्याची मुलगी दोर शिकायला यायची. घरच्यांना चोरून. वस्तादांनीच शिकवलं. दोघांनाही एकमेकांशिवाय कुणी नको होतं, आणि दोघांनाही खेळ सोडवेना. तिने लग्न केलं नाही, यांनी केलं नाही. एकमेकांना नियम मोडायला लावायचा नाही, म्हणून नंतर बोलणंही सोडलं. ती मुलगी म्हणजे तुझ्या जाईबाई. आणि मला वाटत होतं, त्यांचं काहीतरी बिनसलंय.

निघताना वस्ताद म्हणाले, नियम आज मोडला, म्हणून सांग तिकडे. आठ तारखेला लग्न, पंधराला स्पर्धा. मग दारापर्यंत आले आणि म्हणाले, मी सांगितलं असं सांगू नको, तू विचारलंस म्हणून सांग.

सुभद्रा, मी चार वर्षांत एकदाही विचारलं नाही गं. एक प्रश्न होता. मी रागावून तरी विचारायला हवा होता. तुझ्या पत्राशिवाय मला सुचला नसता. बाबांना पत्रिका छापायला सांग. माझ्याकडचे वडील म्हणून वस्ताद बसणार आहेत.

जयवंत

——

मुगभाट
४ मे १९६०

अहो,

पत्रिका छापून झाल्या. बाबांनी तुमच्या नावापुढे 'अजिंक्य' लावलंय आणि माझ्या नावापुढे जागा सोडलीय. म्हणतात, पंधरा तारखेनंतरच्या आभाराच्या पत्रांत भरतो.

तुमचं पत्र घेऊन मी सरळ जाईबाईंकडे गेले. वर्ग सुटला होता. मी म्हटलं, वस्तादांनी नियम मोडला. त्या म्हणाल्या, कोण म्हणतं? मी पत्र पुढे केलं. चष्मा लावून त्यांनी उभ्यानेच वाचलं, शेवटपर्यंत. मला वाटलं ओरडतील. ओरडल्या नाहीत. दोराचं टोक हातात घेऊन उगाच त्याचे पीळ नीट करत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी तरी कुठे विचारलं?"

मला रडू आलं, पण त्यांच्यासमोर रडायची सोय नाही. म्हणून मी घाईघाईने सांगितलं, वस्ताद लग्नाला येणार आहेत, नवरदेवाकडचे वडील म्हणून बसणार आहेत, आणि माझ्या बाजूने तुम्ही बसायचं. उद्या सकाळी सहाला ये, लग्न आहे म्हणून सरावाला सूट नाही, एवढंच म्हणाल्या आणि दिवा मालवला.

मी जिना उतरले. अर्ध्यावर आले तर वरून हाक. सगळ्या गल्लीला धाक असलेल्या जाईबाई कठड्यावरून वाकून, कुणी ऐकू नये म्हणून अगदी हळू, मला विचारत होत्या, आठ तारखेला कुठलं लुगडं नेसू.

तुमचीच,
सुभद्रा